बारा लाखांची गाडी, सत्तर लाखांचे सुटे भाग

दहा-अकरा वर्षांची ऑडी क्यू सेव्हन आज पुण्या-मुंबईच्या जुन्या बाजारात ज्या भावात मिळते, त्या भावात शोरूममधून मध्यम आकाराची नवी एसयूव्हीसुद्धा धड टॉप मॉडेलमध्ये येत नाही. सात सीटा, तीन लिटरचे सहा सिलिंडरचे डिझेल इंजिन, चारही चाकांना ताकद, एअर सस्पेन्शन, काचेचे छत आणि समोर चार कड्या. असा सगळा सरंजाम बारा-चौदा लाखांत समोर उभा राहिला की भलेभले हिशेबी लोक हिशेब बाजूला ठेवतात. वापरलेल्या गाड्या तपासून देण्याचे काम करणाऱ्याकडे गिऱ्हाईक येते ते नेमके या टप्प्यावर, म्हणजे मन ठरल्यानंतर. त्याला सल्ला नको असतो, शिक्का हवा असतो. "गाडी कशी आहे तेवढं सांगा" एवढाच प्रश्न असतो, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर दिले तरी त्याचा मूळ पेच सुटत नाही. गाडी उत्तम असू शकते आणि तरीही त्याने ती घेऊ नये, असे बऱ्याचदा असते.

या कामात राहून माझे एक मत पक्के झाले आहे. जुनी आलिशान एसयूव्ही डोईजड होते याचे मुख्य कारण ती सतत बिघडते हे नव्हे. गाडीची किंमत उतरते आणि तिच्या सुट्या भागांची उतरत नाही, हे ते कारण आहे. समजा, २०१४ साली रस्त्यावर यायला सत्तर लाख लागलेली गाडी आज बारा लाखांना विकायला निघाली. घेणाऱ्याने बारा लाख मोजले म्हणून तो बारा लाखांच्या गाडीचा मालक झाला, हे आरटीओच्या दारात खरे आणि गॅरेजच्या दारात खोटे. तिचा हेडलॅम्प, तिचा स्टिअरिंग रॅक, तिचा गिअरबॉक्स हे सगळे सत्तर लाखांच्या गाडीचेच राहतात. पेठेतला जुना वाडा कोणी कवडीमोलाने दिला तरी सागवान आणि सुताराची मजुरी आजच्याच भावाने मोजावी लागते, तसाच हा व्यवहार. पुढचे जे काही मी म्हणणार आहे ते या एका गोष्टीतून निघते. 'गाडी भरवशाची आहे का' हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो. ती बिघडली तर सत्तर लाखांच्या गाडीची दुरुस्ती झेपेल का आणि तोवर घर कशावर चालेल, हे आधी ठरवावे लागते.

उदाहरणासाठी क्यू सेव्हनच घेऊ, कारण या वर्गात महाराष्ट्रात सर्वांत जास्त फिरणाऱ्या गाड्यांपैकी ती आहे आणि तिचे गुणदोष मेकॅनिक लोकांना तोंडपाठ आहेत. पहिली पिढी स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हा इथल्या कारखान्यात तयार होई, फोक्सवॅगन टूआरेग आणि पोर्शे कायेन यांच्याच सांगाड्यावर. दुसरी पिढी भारतात २०१५ च्या डिसेंबरात आली. आपल्याकडे विकलेल्या बऱ्याच गाड्यांची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा वसाहतीत झाली आहे, आणि विकणारा हे आवर्जून सांगतो. गाडी इथेच बनते, म्हणजे पार्ट इथेच मिळतात, असा त्यातला सूर. पण जुळणी म्हणजे उत्पादन नव्हे. इंजिन, गिअरबॉक्स, इलेक्ट्रॉनिक्स युरोपातून खोक्यांत येते आणि इथे जोडले जाते. दहा वर्षांनी त्यातला एखादा भाग लागला तर तो पुन्हा त्याच वाटेने, आयात शुल्क आणि जीएसटी भरून येतो. शिवाय एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाल्यावर ऑडीने इथे डिझेल गाड्या विकणेच बंद केले. २०२२ मध्ये क्यू सेव्हन परत आली ती फक्त पेट्रोलमध्ये. म्हणजे बाजारात दिसणारी प्रत्येक डिझेल क्यू सेव्हन त्याआधीची आहे, आणि तिचे वय आता वाढतच जाणार आहे.

तिचे तीन लिटरचे डिझेल इंजिन मुळात दणकट आहे. नीट तेलपाणी झालेली अशी इंजिने दोन-अडीच लाख किलोमीटर कुरकुर न करता चालतात, आणि हे मी विकणाऱ्याची बाजू घेऊन म्हणत नाही. पण या इंजिनाची टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सला लागून बसवलेली आहे. चेन किंवा तिचे टेन्शनर झिजले, तर पार्टच्या किमतीपेक्षा तिथवर पोहोचण्याची मजुरी भारी पडते, कारण त्यासाठी गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते. बीएमडब्ल्यूच्या दोन लिटरच्या एका गाजलेल्या डिझेल इंजिनातही चेन मागेच होती आणि त्या काळच्या गाड्यांत ती तुटण्याच्या तक्रारी जगभर झाल्या. मर्सिडीजच्या सहा सिलिंडरच्या डिझेलमध्ये ऑइल कूलरचे सील दोन्ही सिलिंडर रांगांच्या मधल्या खोबणीत असते. सील स्वस्त, पण ते गळू लागले की वरचा सगळा पसारा उचलावा लागतो. हे दोष कंपन्यांच्या हलगर्जीपणाचे नमुने म्हणून सांगत नाही. या गाड्या पहिल्या मालकाच्या चार-पाच वर्षांसाठी विचार करून बांधलेल्या असतात. तिसरा मालक त्या आराखड्यात नसतो.

चेनचा आवाज कसा ओळखावा हे मात्र ज्याला त्याला माहीत असावे. इंजिन पूर्ण थंड असताना गाडी सुरू केली की पहिले दोन-तीन सेकंद मागच्या बाजूने, फायरवॉलच्या दिशेने, डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड येते आणि तेलाचा दाब वाढला की थांबते. इंजिन गरम असेल तर हा आवाज येतच नाही. म्हणून गाडी बघायला गेल्यावर सर्वांत आधी, बोलणे सुरू होण्यापूर्वीच, बॉनेटवर तळहात ठेवायचा. बॉनेट कोमट लागले तर समजायचे की तुमच्या स्वागतासाठी गाडी अगोदर तापवून ठेवली आहे. दर वेळी त्यात लबाडी असते असे नाही, काही जण धुऊन-पुसून एक चक्कर मारतात. तरी त्या दिवशीची तपासणी अपुरी धरावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जावे.

एअर सस्पेन्शनचे दुखणे वेगळ्या जातीचे आहे, कारण ते हळू चालते. चाकामागे लोखंडी स्प्रिंगच्या जागी रबराची हवेने भरलेली पिशवी असते. ऊन, धूळ आणि वर्षे यांनी रबराला घडीच्या जागी बारीक भेगा पडतात. भेगेतून हवा इतकी कमी जाते की गाडी चालताना काहीच कळत नाही, कारण गेलेली हवा कॉम्प्रेसर भरत राहतो. पण जो कॉम्प्रेसर अधूनमधून काही सेकंद चालायचा, तो आता वारंवार आणि लांबलांब चालतो, तापतो आणि एक दिवस जळतो. मालक कॉम्प्रेसर बदलतो, पिशवी तशीच ठेवतो, आणि नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जातो. एका कोपऱ्याचा खर्च अधिकृत केंद्रात लाखाच्या घरात मोजावा लागतो आणि एक पिशवी गेली म्हणजे बाकीच्या तिघीही त्याच वयाच्या असतात. हा आजार ओळखायला स्कॅनर लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. संध्याकाळी सपाट जागी उभ्या केलेल्या गाडीच्या चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहायचे आणि सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, पुन्हा मोजायचे. एखादा कोपरा रात्रीतून बोटभर खाली बसला असेल तर किंमत ठरवण्याची सुरुवात तिथून करायची. विकणाऱ्याने रात्रभर गाडी जागेवर ठेवायला नकार दिला, तर त्या नकारातही माहिती असते.

यावर सुशिक्षित गिऱ्हाईक जगभरच्या विश्वासार्हतेच्या पाहण्या पुढे करते. अमेरिकेतल्या जे. डी. पॉवरच्या यादीत लेक्सस अलीकडे वर असते, लँड रोव्हर वर्षानुवर्षे तळाशी रेंगाळते, काही जर्मन गाड्या मध्ये कुठेतरी. मग तळाची टाळावी, मधली घ्यावी, इतके सोपे नाही का? या यादीचा आपल्याला होणारा उपयोग लोक समजतात त्याहून पुष्कळ कमी आहे. ती पाहणी तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांची असते, ती गाड्यांच्या तक्रारी मोजते, आणि मोबाइल ब्लूटूथला जोडला जात नाही ही तक्रार तिथे एक, तसे गिअरबॉक्स निकामी होणे हीसुद्धा एकच. खर्चाचा आकडा त्यात नाही. दहा वर्षांच्या गाडीचे तर त्यात नावही नाही. त्यावरून कोणत्या कंपनीची गाडी नवी असताना मालकाला कमी वैताग देते हे कळते. मला जे बघायचे असते ते दुसरेच: बिघाड वर्षातून किती वेळा होतो यापेक्षा एकदा झाला तर तो किती रुपयांचा आणि किती आठवड्यांचा. टोयोटा फॉर्च्युनर आणि क्यू सेव्हन यांच्यातला खरा फरकही मला तिथेच दिसतो. दहा वर्षांची फॉर्च्युनरही बिघडते, पण तिचा पार्ट तालुक्याच्या गावी दोन दिवसांत येतो आणि तिथल्या मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला असतो.

आता सर्वांत जोरकस आक्षेप. पहिल्या मालकाने पंचावन्न-साठ लाखांचा घसारा सोसला, तो फायदा आपण का घेऊ नये? वरवर हे बिनतोड वाटते. नवी घेणे मूर्खपणाचे आणि जुनी घेणे शहाणपणाचे, असे यूट्यूबवर रोज कोणी तरी सांगत असते. पण सत्तर लाखांची गाडी बारा लाखांवर का आली, हे त्यात कोणी विचारत नाही. फॉर्च्युनर त्याच वर्षांत इतकी घसरत नाही, हे बाजारात उघड दिसते. दोन्ही गाड्या लोखंडाच्याच आहेत, दोन्हींचे इंजिन डिझेल. बाजार काही भावनेवर चालत नाही. हजारो घेणाऱ्या-विकणाऱ्यांनी मिळून क्यू सेव्हनच्या पुढच्या वर्षांचा जो खर्च अंदाजला आहे, तो तिच्या किमतीतून आधीच वजा झालेला असतो. कमी किंमत ही बक्षीस म्हणून मिळालेली सूट नव्हे, पुढे येणाऱ्या बिलांचे ते आगाऊ गणित आहे. ती बिले भरायची तयारी नसताना फक्त सूट खिशात घालायची, हा बेत फसतो. याचा अर्थ बाजार प्रत्येक गाडीबाबत बरोबर असतो असा नाही. तो सरासरी बघतो, आणि एखादी विशिष्ट गाडी सरासरीपेक्षा कितीतरी चांगली असू शकते. जुनी गाडी घेण्यात जो काही खरा नफा आहे तो याच फटीत आहे. ती फट शोधायला वेळ आणि जाणता माणूस लागतो, आणि बरेच लोक हे दोन्ही वगळून फक्त मॉडेल आणि रंग शोधतात.

विम्याचे प्रकरण बहुतेक जण शेवटी बघतात, खरे तर ते आधी बघावे, कारण किंमत आणि सुटे भाग यांच्यातली दरी तिथे अगदी आकड्यांत दिसते. गाडीचे आयडीव्ही म्हणजे विमा कंपनीने धरलेले मूल्य. पाच वर्षांनंतर ते ठरीव टक्क्यांनी न निघता मालक आणि विमा कंपनी यांच्या संमतीने ठरते आणि बाजारभावाच्या आसपास राहते. अपघातात दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. आता बारा लाखांच्या क्यू सेव्हनला समोरून बऱ्यापैकी धडक बसली, दोन हेडलॅम्प, रेडिएटर, बंपर, बॉनेट आणि एअरबॅग गेल्या, असे धरा. हे सगळे सत्तर लाखांच्या गाडीचे पार्ट आहेत, त्यांची बेरीज नऊ लाखांवर जायला वेळ लागत नाही. जी धडक नव्या गाडीत महिनाभराच्या दुरुस्तीने निभावली असती, ती जुनीला भंगारात पाठवते. झीरो डेप्रिसिएशन कव्हर या वयात सहसा मिळत नाही. मग साध्या पॉलिसीत रबर, प्लॅस्टिक, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के कपात होते, आणि गाडी दहा वर्षांच्या वर असेल तर धातूच्या भागांवरही ५० टक्के. उरलेले मालकाच्या खिशातून. विकणारा जो 'नो क्लेम बोनस' दाखवतो तो त्याचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. पॉलिसी मात्र १४ दिवसांच्या आत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि गाडी हातात आल्याच्या आनंदात नेमके तेच राहून जाते.

दिल्ली पासिंगच्या गाड्यांचा मोह हा गेल्या काही वर्षांतला खास अध्याय आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच भूमिका घेतली. त्यानंतर नवव्या-दहाव्या वर्षाला आलेल्या आलिशान डिझेल गाड्या तिथून बाहेरच्या राज्यांत स्वस्तात निघू लागल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने कारवाईला तूर्त आळा घातला, तरी तोवर अशा कितीतरी गाड्या इकडे येऊन पोहोचल्या होत्या. त्यातल्या काही खरोखर चांगल्या असतात, सरकारी नियमाने म्हाताऱ्या ठरलेल्या. पण फरकाचे लाख-दोन लाख वाचले म्हणून खूश होण्याआधी तिथल्या आरटीओची एनओसी, महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी, इथला रस्ता कर आणि एजंटाची फी यांची बेरीज करावी. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या डिझेल गाडीला रस्ता कराचा दर १५ टक्के आहे. जुन्या गाडीला वयानुसार सवलत मिळते, पण कर सुटत नाही. पुढे पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर असतोच. ज्या गाडीची पाच वर्षे उरली आहेत तिची किंमतही पाच वर्षांचीच धरावी.

बाहेरच्या गॅरेजचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे, किंबहुना अर्ध्याहून जास्त. शोरूमचे एस्टिमेट बघून घाबरू नका, बाहेर तेच काम निम्म्यात होते, असे जाणकार सांगतात आणि ते खरे आहे. क्यू सेव्हन, टूआरेग आणि कायेन एकाच सांगाड्यावर असल्यामुळे त्यांचे कितीतरी भाग समान आहेत. खोक्यावरचा लोगो बदलला की किंमत बदलते, आतला भाग त्याच पुरवठादाराचा असतो. बॉश, माले, साक्स, लेमफोर्डर यांचे भाग कंपनीच्या वेष्टनाशिवाय मागवता येतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, दिल्लीत मायापुरीला अपघातग्रस्त गाड्यांतून निघालेला चालू भागही मिळतो. पार्ट नंबर नीट वाचता येणाऱ्या माणसाला या गाड्या पाळणे खरोखर परवडते. अडचण अशी की असा माणूस प्रत्येक गावात नसतो. पुण्यात चार-सहा हात असे आहेत की ज्यांच्याकडे योग्य स्कॅनर आहे, इंजिन उतरवायची जागा आहे आणि गेली कित्येक वर्षे ते याच गाड्या उघडत आहेत. लातूर, धाराशिव किंवा रत्नागिरीच्या मालकाला मात्र गाडी बंद पडली की फ्लॅटबेडवर टाकून शे-दोनशे, कधी तीनशे किलोमीटर आणावी लागते. मग तो जवळच्या हुशार फिटरकडे जातो, फिटर अंदाजाने एक सेन्सर बदलतो, मग दुसरा, आणि मूळ बिघाड वायरिंगमध्येच राहतो. 'बाहेर स्वस्तात होते' हे विधान गाडीचे वर्णन करत नाही, ते मालकाच्या पत्त्याचे वर्णन करते. त्याच गाडीबद्दल बाणेरच्या माणसाला हो आणि उदगीरच्या माणसाला नाही म्हणणे, यात मला विसंगती वाटत नाही.

"मी कुठे रोज चालवणार आहे, शनिवार-रविवार महाबळेश्वर, अलिबाग, एवढंच" हा आक्षेप मात्र फार टिकत नाही. उभी गाडी झिजत नाही हा समज मारुती ८०० च्या काळातला. या गाड्यांत इंजिन बंद असतानाही डझनावारी कंट्रोल युनिट थोडीथोडी वीज खात असतात. आठवडाभर उभी राहिली की बॅटरी उतरते, व्होल्टेज घसरले की डॅशबोर्डवर एकमेकांशी संबंध नसलेले पाच दिवे लागतात आणि त्यांचा माग काढण्यात दिवस जातो. रबर उभे राहूनही वाळते. काचेच्या छताच्या चार कोपऱ्यांतून पाणी वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या असतात. झाडाखाली उभ्या गाडीत पानाच्या काड्या आणि धूळ बसून त्या तुंबतात, आणि जून-जुलैत तेच पाणी खांबातून उतरून गालिच्याखाली साचते, जिथे वायरिंगचे जोड असतात. गाडी बघताना पुढच्या आणि मागच्या पायदानाचा गालिचा मुठीने दाबून ओल तपासावी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या टोकाच्या वीतभर भागावर मातीची रेघ दिसते का तेही बघावे, कारण पुरात बुडालेली गाडी बाहेरून कितीही चकाचक केली तरी बेल्टचे ते टोक कोणी धूत नाही.

सुरक्षितता आणि आराम याबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही. दुसऱ्या पिढीच्या क्यू सेव्हनला युरो एनकॅपचे पाच तारे आहेत, आणि द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने ती ज्या शांतपणे जाते तशी त्या किमतीची दुसरी कोणतीही गाडी जात नाही. आईवडिलांना मागे बसवून कोल्हापूरला नेणाऱ्याला याचे मोल कळते आणि ते मोल लावू नये असे मी म्हणणार नाही. फक्त सुरक्षितता जुनी होत जाते, हेही बघावे. एअरबॅगचा दिवा टेप लावून झाकलेली किंवा वायरिंगमध्ये रेझिस्टर टाकून विझवलेली गाडी पाच ताऱ्यांची राहत नाही. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा आधी लागून मग विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर स्कॅनर लावल्याशिवाय पुढे बोलू नये.

राहता राहिला प्रश्न एकेका गाडीचा. मॉडेलच्या नावापेक्षा आधीचा मालक महत्त्वाचा, हे सगळेच म्हणतात, पण मालक वाचायचा कसा? माझी पद्धत टायरपासून सुरू होते, इंजिनापासून नाही. या गाड्यांचे टायर मोठे, महागडे आणि कायम फोर-व्हील ड्राइव्ह असल्याने चारही सारखे असावे लागतात. घेरात फरक पडला तर ट्रान्स्फर केस आणि डिफरन्शियलवर ताण येतो. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही चाकांवर एकाच कंपनीचे, एकाच सुमाराचे टायर दिसले तर मालकाने पैसे टाकताना हात आखडला नाही असे धरायला हरकत नाही. दोन एका कंपनीचे, एक दुसऱ्या, एक तिसऱ्या, असा मेळ दिसला तर ज्याने डोळ्यांना दिसणाऱ्या ठिकाणी काटकसर केली त्याने गिअरबॉक्सच्या तेलात काय केले असेल, याची कल्पना करावी. दुसऱ्या पिढीच्या क्यू सेव्हनमधला आठ गिअरचा झेडएफचा गिअरबॉक्स उत्तम आहे. झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी त्याचे तेल बदलावे असे सांगते, पण गाडी बनवणाऱ्या कंपन्या बऱ्याचदा ते 'आयुष्यभराचे' म्हणून सोडून देतात. त्यामुळे फाइलमध्ये गिअरबॉक्सच्या तेलाचे बिल सापडले की मी त्या गाडीकडे जरा आदराने बघतो. तसे बिल क्वचित सापडते. किलोमीटरचा आकडा डॅशबोर्डवर वाचण्यापेक्षा बिलांवरच्या तारखा आणि रीडिंग एकाखाली एक लिहून काढावीत. मधे दोन वर्षांची पोकळी असेल, किंवा आकडा वाढता-वाढता अचानक मंदावला असेल, तर मीटर मागे गेला आहे की गाडी कुठे तरी आडवी पडून होती, हे विचारावे. परिवहन खात्याच्या पोर्टलवर कितवा मालक, कर्जाचा बोजा, विम्याची मुदत हे घरबसल्या दिसते, त्यासाठी कोणाच्या शब्दावर विसंबायचे कारण नाही.

मग घ्यावी कोणी? ज्या घरात दुसरी, रोजच्या वापराची साधी गाडी आहे, ज्याच्या गावापासून तासाभरावर या गाड्यांचा जाणकार मेकॅनिक आहे, आणि गाडीच्या किमतीच्या निदान एक तृतीयांश रक्कम जो पहिल्या वर्षासाठी वेगळी काढून ठेवू शकतो, त्याने फाइल पूर्ण असलेली, एका-दोघांच्या हातची गाडी जरूर घ्यावी. बारा लाखांची गाडी परवडते ती सोळा लाख असणाऱ्याला. बारातले आठ कर्जाऊ काढणाऱ्याला ती परवडत नाही. जुन्या गाडीच्या कर्जाचा व्याजदर नव्यापेक्षा जास्त असतो, आणि हप्ता व बिल एकाच महिन्यात आले की बिल मागे पडते. तिथून गाडीची घसरण सुरू होते आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते. घरात ही एकच गाडी असणार असेल, मुलांची शाळा आणि दवाखाना तिच्यावर अवलंबून असेल, तर माझे उत्तर नाही असेच आहे, मग गाडी कितीही देखणी असो. त्याच पैशात चार-पाच वर्षांची, कमी नावाची आणि साध्या स्प्रिंगची एसयूव्ही घ्यावी. आणि वरच्या वर्गात बसत असाल, तर टोकन देण्याआधी तीन गोष्टी मागून घ्या: गाडी रात्रभर जागेवर, सकाळी थंड इंजिनाचा पहिला स्टार्ट तुमच्या हाताने, आणि लिफ्टवर घेऊन तुमच्या माणसाने केलेली तपासणी. तपासणीचे पैसे तुम्ही द्या, विकणाऱ्याला देऊ देऊ नका.